शेवटच्या पंधरवड्याचं खाद्य

पोल्ट्रीवाल्याची बायको अळ्या पाळायची. कोणी हौसेने मांजर पाळतं, कोणी पोपट पाळतं, आमच्याकडे अळ्या आहेत, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा आणि कोणी हसायच्या आधी स्वतःच हसायचा. गल्लीत तिला सगळे ‘अळीवाली’ म्हणू लागले तेही त्याच्याच कृपेने. तिला राग आला नाही. “अळीवाली म्हणा नाहीतर महाराणी म्हणा, पण कुजका कोबी दुसऱ्या कोणाला देऊ नका,” असं तिने बाजारातल्या भाजीवाल्यांना बजावून ठेवलं होतं.

याचं मूळ होतं एका फसलेल्या खेपेत. सोयाबीनची पेंड मिळेनाशी झाली तेव्हा पोल्ट्रीवाल्याने मोठ्या हुशारीने कोंबड्यांना मासळीची भुकटी चारली, आणि ती विक्रीच्या दिवसापर्यंत चारली. पक्षी कसे तुकतुकीत झाले. मग गिऱ्हाइकं परत आली ती भांडायलाच. एका म्हातारीने शिजवलेलं भांडंच त्याच्या टेबलावर आदळलं आणि विचारलं, “कोंबडी मागितली होती, हा मासा कोणाला विचारून दिलास?” त्या दिवशी नवरा-बायको दोघांनीही एक धडा घेतला. पिल्लू असताना खाल्लेलं हाडाला लागतं, शेवटच्या पंधरवड्यात खाल्लेलं मांसाला लागतं. धंद्यातल्या सगळ्यांना हे माहीत असतं, पण माहीत असणं वेगळं आणि अंगावर येणं वेगळं.

तेव्हापासून बायकोने डोक्यात घेतलं. “कोंबडीला मोकळं सोडलं तर ती काय सोयाबीन शोधत फिरते का?” ती म्हणायची. “माती उकरते, किडा उचलते. तिला कळतं ते आपल्याला कळत नाही.”

शेडच्या मागच्या खोलीत तिने मांडणी केली. एका कोपऱ्यात जाळीचा पिंजरा, त्यात काळ्या लांबुडक्या माश्या. त्यांनी लाकडी पट्ट्यांच्या फटीत अंडी घालायची, त्या अंड्यांतून अळ्या निघायच्या, आणि मग पसरट ट्रेमध्ये कोबीचे पाले, कलिंगडाच्या साली, सडके टोमॅटो असलं काय काय खाऊन त्या बोटाच्या पेराएवढ्या व्हायच्या. पुरेशा जाड झाल्या की ती त्यांना उकळत्या पाण्यातून काढायची, वाळवायची, दळायची आणि मक्याच्या भरड्यात मिसळायची. खोलीला एक आंबूस वास होता. तो तिच्या केसांना, पदराला, बोटांना चिकटायचा. पोल्ट्रीवाला नाक दाबून म्हणायचा, “आंघोळ करून ये, मग बोलू.” तीही कमी नव्हती. “कोंबड्यांच्या शेडमधून येणाऱ्या माणसाने वासाबद्दल बोलू नये.”

पहिल्यांदा तिने सहाच पक्षी वेगळे ठेवले आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपलं खाद्य घातलं. कापल्यावर मांस जरा गडद निघालं, चरबी जरा पिवळसर. तिची धाकटी बहीण आली होती. दोघींनी मीठसुद्धा न घालता वाफवून खाल्लं आणि एकमेकींकडे बघत राहिल्या. पोल्ट्रीवाल्याने मात्र ताट सरकवलं. “अळ्या खाल्लेली कोंबडी? मी माणूस आहे, कावळा नाही.”

“नका खाऊ,” ती हसून म्हणाली. पाच पक्षी खाण्यात आणि शेजाऱ्यांना देण्यात संपले. सहावा तिने नीट गुंडाळून फ्रीजरच्या तळाशी ठेवला. “ज्या दिवशी सगळ्यांना फरक कळेल ना, त्या दिवशी तुम्हाला वाढीन. आणि तेव्हा मागून घ्याल.”

फरक हा तिचा लाडका शब्द. डोळे मिटून खाणाऱ्यालासुद्धा फरक कळला पाहिजे, असं तिचं म्हणणं. पोल्ट्रीवाल्याच्या कानात तो शब्द कधी नीट शिरलाच नाही. मासळीच्या खेपेनंतर त्याला फरक म्हटलं की धडकीच भरायची. कोणाला काही कळू नये, भांडं टेबलावर आदळू नये, एवढीच त्याची अपेक्षा होती.

शहरात खाद्यपदार्थ तपासणारी एक प्रयोगशाळा होती. पोल्ट्रीवाला तिला चवघर म्हणायचा. बायको तिथल्या मॅडमना भेटून आली, दुसऱ्यांदा भेटली, आणि तिसऱ्यांदा मॅडम स्वतः शेड बघायला आल्या. ठरलं असं की एकाच दिवशी आलेली पिल्लं जाळी लावून दोन भागांत ठेवायची. अलीकडे बाजारातलं सोयाबीनचं खाद्य, पलीकडे अळ्यांचं. वाढ पूर्ण झाली की दोन्हीकडचे पक्षी चवघरात. फरक निघाला आणि तो चांगला निघाला, तर मॅडम आजूबाजूच्या सगळ्या पोल्ट्रीवाल्यांना बोलावून हे खाद्य दाखवणार होत्या, आणि दाखवणार होती अळीवाली. तिने त्या दिवसासाठी साडीसुद्धा काढून ठेवली.

पिल्लांना पिसं फुटली आणि बायको आजारी पडली. पोटात दुखतंय म्हणत होती, अळ्यांच्या नादात अंगावर काढत होती. डॉक्टरांनी पोट उघडून बघितलं आणि पुन्हा शिवून टाकलं. पोल्ट्रीवाल्याला त्यांनी बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं. तो “बरं” म्हणाला.

शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला प्रश्न अळ्यांचा. “पाल्याचा थर पातळ घाला हं. बोटभर. आणि रोजच्या रोज. फार घातलं की त्या तापतात.”

“तापतात म्हणजे? त्यांना काय ताप येतो?”

“अहो, चेष्टा नाही. एकत्र खायला लागल्या की ऊब धरते. खिडकी उघडी ठेवा.”

त्याने ऐकलं, पण बायकोचं बोलणं जसं ऐकतात तसं ऐकलं. दवाखाना एका टोकाला, शेड दुसऱ्या टोकाला. इकडे तिला एकटं सोडवेना, तिकडे कोंबड्या उपाशी. एका सकाळी त्याने विचार केला, रोज रोज कशाला, घालून टाकू एकदमच. ट्रे काठोकाठ भरले, कुत्रं शिरेल म्हणून खिडकी लावून घेतली आणि तो निघाला. त्या रात्री तिची तब्येत बिघडली. तो दवाखान्यातच राहिला, दुसऱ्या दिवशीही राहिला. शेजारी कोंबड्यांना दाणापाणी घालून गेला. मागच्या खोलीत तो कशाला जाईल?

पोल्ट्रीवाल्याने दार उघडलं तेव्हा भट्टीचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर आली. ज्यांना जमलं त्या अळ्या भिंतीवर चढल्या होत्या आणि तिथेच वाळल्या होत्या. बाकीच्या ट्रेमध्ये आपल्याच उबेने शिजून पडल्या होत्या. जाळीतल्या माश्यांवर रोज पाणी शिंपडायचं असतं, तेही राहिलं होतं. पिंजऱ्याच्या तळाशी काळा चुरा पडला होता. तो तिथेच उंबऱ्यावर बसला. मग फावड्याने सगळं खड्ड्यात लोटलं, ट्रे धुतले, भिंती धुतल्या, अंगावरचा शर्टही धुतला.

आता पलीकडच्या पक्ष्यांना घालायचं काय? त्याने दोन्हीकडे सोयाबीनचं खाद्य घातलं. अर्धं आयुष्य तर अळ्यांवर गेलंय त्यांचं, असं तो स्वतःला सांगत राहिला. पण राहिलेलं अर्धं कोणतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. शेवटचा पंधरवडा.

संध्याकाळी ती म्हणाली, “अळ्या कशा आहेत?”

“मजेत. तुझ्यापेक्षा जाड झाल्यात.”

ती हसली. हसल्यावर टाके दुखायचे म्हणून हाताने पोट धरून हसली. तिचं ते हसणं बघून त्याच्या जिभेवर आलेलं सगळं परत आत गेलं. उद्या सांगू, तिला जरा बरं वाटलं की सांगू, असं त्याने ठरवलं. रोज तेच ठरवलं. कधी ती विचारायची, “खोलीत गरम होतं का हो फार?” तो म्हणायचा, “छे, खिडकी उघडीच असते.” कधी म्हणायची, “काही सांगायचं होतं का तुम्हाला?” तो म्हणायचा, “हो, तू लवकर घरी ये, एवढंच सांगायचंय.” शेजारच्या खाटेवरची बाई कौतुकाने बघायची. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं ती म्हणालीसुद्धा.

पक्षी तयार झाले. त्याला वाटलं होतं, बायको म्हणेल थांबा, मी येईपर्यंत थांबा. पण कोंबडी कोणासाठी थांबत नाही, हे तिलाही माहीत होतं. “घेऊन जा,” ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

चवघरात मॅडमनी पक्षी उतरवून घेतले आणि विचारलं, “पलीकडच्यांना शेवटपर्यंत अळ्यांचंच खाद्य होतं ना?”

“हो,” तो म्हणाला. आयुष्यात त्याने गिऱ्हाइकांना शंभर थापा मारल्या असतील. एवढी लहान थाप कधी मारली नव्हती आणि एवढी जड गेली नव्हती.

मॅडमनी त्याला काचेबाहेरून बघू दिलं. आधी पांढऱ्या उजेडात, ताटल्यांमध्ये मांसाचे तुकडे मांडून रंग बघितला गेला. मग लहान लहान खणांमध्ये चव घेणारे बसले. वर लाल दिवे, म्हणजे रंग कळू नये, जिभेनेच ठरवावं. प्रत्येकापुढे नुसत्या आकड्याच्या तीन वाट्या. दोन वाट्यांत एका बाजूचं मांस, तिसरीत दुसऱ्या बाजूचं, वेगळी वाटी कोणती ते ओळखायचं. मीठ नाही, मसाला नाही. मध्ये घोटभर पाणी आणि कोरड्या टोस्टचा तुकडा. कोणी बोलत नव्हतं. नुसते जबडे हलत होते. एक जाडसा गृहस्थ तिन्ही वाट्या पुन्हा पुन्हा चाखून डोकं खाजवत होता. पोल्ट्रीवाल्याला त्याची दया आली. नसलेली वस्तू शोधायला बसवलंय बिचाऱ्याला, हे एकट्या त्यालाच माहीत होतं.

निकालाचा फोन आला तेव्हा तो तिच्या खाटेशी होता. धाकटी मेहुणीही होती. त्याने फोन मोठ्या आवाजावर लावला.

“अभिनंदन!” मॅडम म्हणाल्या. “कोणालाही फरक ओळखता आला नाही. अळ्यांच्या खाद्याने चव बिघडत नाही, मऊपणा बिघडत नाही, सोयाबीनइतकंच चांगलं आहे. हेसुद्धा फार मोठं आहे बरं का!”

पोल्ट्रीवाल्याने सुटकेचा श्वास सोडला. पास झाली! भांडं आदळलं नाही! त्याने तिचा हात घट्ट धरला. “ऐकलंस? फरकच नाही म्हणतात!”

मग फोनकडे न बघता त्याच्याकडे बघून तिने विचारलं, “रंग कसा होता हो? तुम्ही बघितलात ना?”

“सारखाच. अगदी सारखा.”

“बरं,” ती म्हणाली. त्याच्या हातावर तिने दोनदा थोपटलं. “छान झालं. जेवलात का तुम्ही?”

त्यानंतर ती फार बोलली नाही. थकली असेल असं त्याला वाटलं. त्याच आठवड्यात ती गेली. सगळे म्हणाले, निकाल ऐकून गेली, समाधानाने गेली. तोही तेच म्हणत राहिला, कारण त्याच्याजवळ धरायला तेवढंच होतं.

पुढे मॅडमचा निरोप आला. परिसरातल्या पोल्ट्रीवाल्यांना बोलावलंय, अळीवाल्या बाईंचा फोटो लावणार आहोत, तुम्ही येऊन चार शब्द बोला. काढून ठेवलेली साडी कपाटात तशीच होती. तो कार्यक्रम उद्यावर आला तेव्हा मेहुणी घर आवरायला आली आणि फ्रीजर उपसता उपसता तिच्या हाताला ती गुंडाळी लागली.

“भाऊजी, ही तीच ना? तुमच्या वाट्याची?”

त्याने मान हलवली. “ज्या दिवशी फरक कळेल त्या दिवशी वाढणार होती. कळला नाही कोणाला. पण निकाल तर चांगलाच लागला.”

मेहुणीने गुंडाळी ओट्यावर ठेवली. इतके दिवस तिने तोंडाला कुलूप लावलं होतं, पण आता तिला राहवेना. “चांगला कुठला, भाऊजी? तिला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“अळ्या मेल्या ते. तुमच्या शर्टाला वास येईनासा झाला त्याच दिवशी कळलं तिला. मला म्हणाली, अगं, ते आज साबणाच्या वासाचे आलेत, माझी खोली गेली बहुतेक.”

पोल्ट्रीवाल्याने शर्टाची बाही नाकाशी नेली.

“मग बोलली का नाही? भांडली का नाही माझ्याशी?”

“मी पण तेच म्हटलं. विचार की सरळ. तर म्हणाली, विचारलं की ते काहीतरी उत्तर देतील. मला त्यांनी आपणहून सांगायला हवंय. म्हणाली, अळ्या काय, पुन्हा होतील. पण हा माणूस एवढं ओझं घेऊन रोज माझ्यापुढे हसत बसतो, ते बघवत नाही.” मेहुणीने पदराने डोळे पुसले. “रोज वाट बघायची, भाऊजी. तुम्ही आलात की तोंडाकडे बघायची. गेलात की म्हणायची, आजही नाही. त्या फोननंतर तुम्हाला रंग विचारला ना, ते शेवटचं होतं. त्यानंतर आजही नाही असंसुद्धा म्हणाली नाही.”

पोल्ट्रीवाल्याला ‘काही सांगायचं होतं का’ आठवलं, ‘खोलीत गरम होतं का’ आठवलं. तिने किती वेळा दार किलकिलं करून दिलं होतं आणि प्रत्येक वेळी याने ते बाहेरून ओढून घेतलं होतं. आपण तिला दुःखापासून वाचवतोय असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात तिला शेवटचे सगळे दिवस त्याने एकटं ठेवलं होतं, खाटेशी बसून एकटं ठेवलं होतं.

दुपारी मेहुणीने ती कोंबडी वाफवली. मीठ घातलं नाही. तिने ताटलीत वाढलं तेव्हा त्याने आधी रंग बघितला. मांस गडद होतं. कडेची चरबी पिवळसर. चवघरातल्या पांढऱ्या उजेडात ही ताटली ठेवली असती, तर शेंबड्या पोरानेही वेगळी काढली असती.

त्याने तुकडा तोंडात टाकला. इतकी वर्षं कोंबड्यांत काढलेल्या त्या माणसाला काही क्षण आपण काय खातोय हेच कळेना. लहानपणी आजोळच्या अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्या होत्या, तसली चव, भरलेली, गोडसर, चावल्यावर मागे राहणारी. फ्रीजरमध्ये इतके दिवस पडूनसुद्धा ती तशी होती.

“फरक आहे,” तो म्हणाला.

“आहे ना?” मेहुणी म्हणाली. “आम्ही तेव्हाच म्हटलं होतं.”

सोयाबीनइतकंच चांगलं! त्याने तिच्यासाठी खोटं बोलून आणलं ते एवढंच, आणि खरं याच्या कितीतरी वर होतं. ते तिला चवीने माहीत होतं. तरी ती छान झालं म्हणाली आणि जेवलात का म्हणून विचारलं. तोंड झाकून तो रडला, लहान मूल रडतं तसा, आणि मेहुणीने त्याला रडू दिलं.

मग त्याने फोन लावला. “मॅडम, मी खोटं बोललो. शेवटच्या पंधरवड्यात ते खाद्य नव्हतं. अळ्या माझ्या हातून मेल्या होत्या. तुम्ही चाखलंत ते दोन्हीकडे सोयाबीनच होतं.”

“मग निकाल मागे घ्यावा लागेल,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज रागावलेला नव्हता, दमलेला होता. “उद्याचा कार्यक्रमही. तुम्हाला कळतंय ना, बाईंचं नाव कुठेच राहणार नाही.”

“कळतंय. पण मॅडम, फरक आहे. मी आत्ता खाल्ली. तिची एक कोंबडी उरली होती. उरलेली घेऊन येऊ का?”

“एका कोंबडीवर निकाल लागत नाही हो,” मॅडम हळूच म्हणाल्या. “आणि तीही गोठवलेली, शिजवलेली. पुन्हा अळ्या करता येतील तुम्हाला?”

त्याने मागच्या खोलीकडे बघितलं. माश्यांची अंडी कुठून आणायची, पट्ट्या कधी बदलायच्या, अळ्या किती जाड झाल्या की काढायच्या, यातलं त्याला काहीच येत नव्हतं. बायको दारात उभी राहून सांगायला लागली की तो नाक दाबून पुढे जायचा.

“मला येत नाही,” तो म्हणाला. “मी कधी विचारलंच नाही.”

फोन ठेवून तो परत आला. मेहुणीने त्याच्या ताटलीवर झाकण ठेवलं होतं. तो धुतलेला शर्ट घालून, साबणाचा वास घेऊन, तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसला आणि जे दवाखान्यात बोलायचं होतं ते त्याने मोठ्याने म्हटलं.

“अगं, अळ्या मेल्या. मी थर जाड घातला आणि खिडकी लावून घेतली.”

मेहुणी ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने वळून बघितलं नाही. थोड्या वेळाने त्याने झाकण काढलं आणि गार झालेलं सगळं खाल्लं. हाडं तेवढी ताटलीत राहिली.